छाटणीनंतर तपकिरी पडलेले मोरपंखीचे कुंपण

मेंदी, कोयनेल, चिलार यांची कुंपणे आपल्याकडे पूर्वापार आहेत. ती कितीही खोल छाटली तरी पावसाच्या चार सरी पडताच पुन्हा फुटतात. मोरपंखीचे कुंपणही लोक त्याच सवयीने छाटतात आणि तेथेच घात होतो.

मुले विद्येचे पान म्हणून पुस्तकात जपतात ती मोरपंखी मूळची चीनकडील असून सूचिपर्णी वर्गातील आहे. दाट वाढलेल्या मोरपंखीची फांदी बाजूला सारून आत पाहावे. हिरवा भाग हा बाहेरचा पातळ थर असतो. आत ऊन पोहोचत नसल्याने पाने गळून नुसत्या काटक्या उरलेल्या असतात. मेंदीच्या जुन्या लाकडात सुप्त डोळे असतात, तसे ते मोरपंखीच्या उघड्या लाकडात जवळजवळ नसतात. त्यामुळे कात्री हिरव्या थराच्या आत गेली की तेथे बहुधा फुटवा येत नाही. परदेशी बागांतील यू वृक्ष याला अपवाद आहे, पण त्याचा आपणांस उपयोग नाही.

नोकरीच्या आरंभी एका शाळेतील असे कुंपण वाटेवर आले होते. मुख्याध्यापकांनी विचारताच, "वाटेकडील बाजू हातभर आत घ्या, पावसाळ्यात फुटेल," असा सल्ला मी विनासंकोच दिला. पावसाळा सरला, आवारात गवत गुडघाभर वाढले, पण कुंपणाची ती बाजू तपकिरीच राहिली. रोपे मुलांनी घरून पाणी आणून जगविली होती. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत; पुढील भेटीत मात्र त्यांनी मला मुद्दाम त्याच वाटेने आत नेले.

अशा वेळी प्रथम नुकसान किती खोल आहे ते पाहावे. केवळ पानांची टोके करपली असतील, तर तो कडक उन्हातील छाटणीचा परिणाम होय. नवी वाढ त्यास झाकून टाकते. फांदीची साल नखाने खरवडावी. आत कोरडी व तपकिरी दिसली तर फांदी मेली असे समजून कापून टाकावी. साल हिरवी असली तरी त्या फांदीवर एकही हिरवे पान नसेल, तर फार आशा धरू नये. युरियाचा मारा केल्याने नसलेले डोळे उत्पन्न होत नाहीत. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करून बेताचे पाणी द्यावे. शेजारच्या हिरव्या फांद्या सुतळीने सैल बांधून खिंडाराकडे वळवाव्यात. चारही बाजूंनी उघडे पडलेले झाड मात्र काढून पावसाळ्यात तेथे नवे रोप लावावे.

न छाटताच कुंपण तपकिरी पडत असेल, तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकून लाल कोळी दिसतात का ते पाहावे आणि बुंध्याशी वाळवी शोधावी.

यापुढे छाटणी दरवर्षी, हलकी आणि हिरव्या थरातच करावी. मार्च ते मे टाळून पाऊस स्थिरावल्यावर ती करावी. तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या फांद्यांस ऊन मिळते.

त्या शाळेत तीन झाडे बदलावी लागली, आणि वाट दोन हात पलीकडे सरकविली.