मॅडम, गॅस कम है

एप्रिल लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये पाठीला पिशवी अडकवलेल्या एसी मेकॅनिकांची ये-जा वाढते. सर्व्हिसचे चार-पाचशे रुपये फोनवरच ठरलेले असतात. मेकॅनिक येतो, स्टुलावर चढतो, इनडोअरचं झाकण उघडतो, पाइपला हात लावतो आणि खाली बघत म्हणतो, “मॅडम, गॅस कम है.” पाचशेचं काम तिथल्या तिथे तीन हजारांवर जातं.

एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो जाळला जात नाही, वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि आउटडोअरमधून बाहेर टाकतो. फ्रिजचंही तसंच, आणि फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरायला कुणी येत नाही. गॅस खरोखर कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता टॉप-अप करणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक आत्ताच पक्कं करणं.

आमच्याकडे आलेल्या अशाच एका मेकॅनिकाने पुरावा म्हणून गॅसचा दाब मोजणारा गेज लावून दाखवला. काटा खरंच खाली होता. पण तो लावला होता सर्व्हिसच्या आधी, फिल्टरवर धुळीची गोधडी असताना. मेख इथेच आहे. फिल्टर तुंबला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि गेजवरचा दाब उतरतो. लक्षणं हुबेहूब गॅस कमी असल्यासारखी दिसतात. याहून पुढची हातचलाखीही चालते. आउटडोअरच्या बारीक पाइपवरची पितळी टोपी काढून आतला व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने जरासा फिरवला, की काटा तुमच्या डोळ्यांसमोर घसरतो. खोटा आकडा दाखवायला गेज खोटा असावा लागत नाही.

शिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. जुन्या आर-२२ गॅसच्या एसीत साधारण ६५ ते ७० पीएसआय ठीक मानतात. हल्लीच्या आर-३२ला त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा काटाही हलतो.

त्या गेजवाल्या मेकॅनिकाला व्हिजिटचे पैसे देऊन निरोप दिला आणि दुसऱ्या मेकॅनिकाला बोलावलं. हे मध्यमवयीन गृहस्थ. त्यांनी गेज बाहेरच काढला नाही. “ताई, आधी धुऊ, मग बघू,” म्हणाले. धुतल्यावर एसी १६ अंशांवर लावून चहा घेत बसले. मग छोटा थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी धरला, जिथून हवा आत जाते, आणि मग गार हवेच्या झोतात. दोन्हींत दहाएक अंशांचा फरक आला. “हॉलच्या एसीचा गॅस ठीक आहे,” त्यांनी निकाल दिला.

बेडरूमच्या एसीत मात्र धुऊनही फरक पडेना. तेव्हा त्यांनी मगात भांड्यांच्या साबणाचा दाट फेस केला आणि ब्रशने प्रत्येक जोडावर लावला. जाड पाइपच्या फ्लेअर नटवर एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मला जवळ बोलावून त्यांनी तो दाखवला. उरलेला गॅस काढला, पाइपचं चिरलेलं तोंड कटरने कापलं, ते पसरवून नवीन फ्लेअर पाडली, नायट्रोजनचा दाब देऊन जोड पुन्हा फेसाने तपासला. मग व्हॅक्यूम पंप लावला. नळ्यांत हवा आणि ओल राहिली तर भरलेल्या गॅसचा उपयोग नाही, असं ते सांगत होते. शेवटी सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवून, आउटडोअरच्या लेबलवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस सोडला. दीड टनाच्या एसीत तो एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो.

म्हणून “गॅस कमी आहे” असं ऐकलं की वाद घालत बसू नये. तीन गोष्टी मागाव्यात : धुतल्यानंतरचं माप, गळतीची जागा आणि भरलेल्या गॅसचं वजन. कपॅसिटर बदलायचा म्हणाले, तर जुना मल्टिमीटरवर तपासून दाखवायला सांगावा आणि काढलेला आपल्याकडेच ठेवावा. बिल घ्यावंच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पण या धंद्याची दुसरी बाजू आपल्या दारात आहे. दोनशे रुपयांच्या व्हिजिटसाठीही आपण घासाघीस करतो. भरउन्हात चार जिने चढून आलेला माणूस “काही बिघाड नाही” म्हणाला, तर त्याचा दिवस बुडतो. बिघाड निघाला तरच घर चालतं. एजंटमार्फत आला असेल, तर त्यात कमिशनही सुटायला हवं. खोट्या निदानाला असा भाव आपणच आणून दिला आहे. त्या गृहस्थांनी हॉलच्या एसीचे फक्त सर्व्हिसचे पैसे लावले होते. मी तपासणीचे वेगळे दिले. “गॅस ठीक आहे” हे सांगण्यालाही मोल मिळायला लागलं, तर ते सांगणारे वाढतील.