पृष्ठजलनिस्सारण, पुनर्बांधणीच्या भूमीवरील
पूर्वी बांधकाम झालेल्या जमिनीवर नवे बांधकाम करताना तेथे पडणारे पावसाचे पाणी मुरविण्याची, साठविण्याची व उरलेले नियंत्रित गतीने वाहून नेण्याची व्यवस्था. मोकळ्या रानात वस्ती उभारताना पाण्याच्या नैसर्गिक वाटा दिसत असतात. जुन्या जागेत त्या भराव, पाये व फरशीखाली दडलेल्या असतात. जागा अगोदरच आच्छादित असल्याने नव्या इमारतीमुळे पाण्याचा बोजा वाढत नाही, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. तो फसवा आहे. जुनी गटारे ज्या वस्तीसाठी आखलेली होती, ती वस्ती बहुधा उरलेली नसते. शिवाय आवारातील तळी, विहिरी व कच्ची अंगणे नव्या आराखड्यात नाहीशी होतात.

एक हेक्टर क्षेत्रावर तासाभरात ५० मिमी. पाऊस पडल्यास ५०० घ.मी. पाणी जमते. छपरे व डांबरी पृष्ठ यांवरून त्यातील सु. ९० टक्के वाहून जाते. हिरवळीवरून मृदा व उतार यांनुसार ३० टक्के किंवा त्याहूनही कमी. हा फरक सु. ३०० घ.मी. भरतो, म्हणजे १५ मी. लांब, १० मी. रुंद व २ मी. खोल अशा टाकीएवढा. एवढ्या पाण्यास आवारात जागा ठेवली नाही, तर ते शेजारच्या सखल भागात शिरते.

मध्य मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. कापड गिरण्या बंद पडत गेल्यावर सु. ६०० एकर जमिनीच्या पुनर्विकासाचा प्रश्न निर्माण झाला. १९९१ च्या नियमावलीनुसार तिचा सु. एक-तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ रिकाम्या भागापुरता राहिला व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. पाणी मुरण्याजोगी जागा त्यामुळे बरीच घटली. मुळात परळच्या पश्चिमेचा बराचसा भाग अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत भरतीच्या पाण्याखाली जात असे. आजही भरतीच्या वेळी वाहिन्यांची मुखे बुडाली की निचरा थांबतो. शहरातील जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांची क्षमता ताशी सु. २५ मिमी. पावसाइतकी होती, १९९३ च्या अहवालात ती ५० मिमी. करण्याची शिफारस करण्यात आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. असा पाऊस कोणत्याही वाहिनीच्या आवाक्याबाहेरचा असतो, परंतु नेहमीच्या पावसातील तुंबारा केवळ निसर्गाच्या माथी मारता येत नाही. प्रत्येक नवी इमारत आपले जोते उंचावते आणि लगतच्या जुन्या चाळीचे अंगण खड्डा बनते. हिंदमाता परिसरासाठी २०२१–२२ च्या सुमारास मैदान व उद्यान यांखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवणे हा त्यांचा उद्देश होय.

मुंबईचे उपाय सर्वत्र जसेच्या तसे लागू पडत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे निर्गुडा नदीकाठचे शहर वर्धा खोऱ्यातील काळ्या मृदेच्या टापूत वसलेले आहे. येथे भरतीचा प्रश्न नाही, मृदेचा आहे. या मृदेतील चिकण खनिजे पाण्याने फुगतात व उन्हाळ्यात आकुंचन पावून जमिनीस भेगा पडतात. म्हणून शोषखड्ड्याची चाचणी मे महिन्यात घेतल्यास पाणी भेगांतून भराभर उतरते व खड्डा उत्तम ठरतो. तोच जुलैमध्ये तुडुंब भरून राहतो. पायालगत पाणी मुरविल्यास जमीन फुगून भिंती तडकतात. अशा ठिकाणी शोषखड्डा पायापासून दूर व खालच्या मुरुमापर्यंत खोल न्यावा, अन्यथा टाकी व लहान निर्गममार्ग यांवर भिस्त ठेवावी.

जुन्या गावठाणातील पांढरीची गोष्ट आणखी निराळी. ती पडक्या मातीच्या भिंतींची भुसभुशीत माती असून तीत बुजविलेल्या विहिरी, धान्याची पेवे व शौचकूप दडलेले असतात. त्यांत पाणी शिरल्यास जमीन अचानक खचते. जेथे पूर्वी कारखाना वा रंगशाळा होती, तेथे मुरणारे पाणी रसायने भूजलात नेते. अशा जागी मुरविणेच वर्ज्य असते. त्यामुळे आराखड्यापूर्वी चाचणीखड्डे खणणे व जुन्या रहिवाशांकडून विहिरी-पेवांची माहिती घेणे आवश्यक असते. हे काम पाया खणण्यापूर्वी सहज होते. नंतर फरशी फोडूनच करावे लागते.