आधी मोजा, मग टाका



आज मी पापड-लोणच्यांवर बोलणार नाहीये. आज बोलणार आहे पोहण्याच्या तलावावर. हसू नका! आपल्या अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात बंगल्यांच्या मागे छोटे छोटे तलाव झालेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. तिथली झाडलोट आणि स्वयंपाक आपल्याच बायका करतात आणि आता तलावही आपल्याच हातात आलाय. आमच्या गटाकडे असे दोन तलाव आहेत. काम चांगलं आहे, पण नीट समजून केलं नाही तर अंगाशी येतं. आमच्या आलं, म्हणून सांगते.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये एका गुरुवारी पाणी हिरवं झालं. आम्ही भर दुपारी क्लोरीनची पावडर टाकली. शुक्रवारी आणखी टाकली. पाणी तसंच! शेवटी आमच्या एका ताईंनी पावडरीच्याच मगात अ‍ॅसिड ओतून घेतलं. तळाला चमचाभर पावडर राहिली होती. पिवळट वाफ आली आणि ताईंना श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, पण शनिवारचं बुकिंग गेलं आणि आमचे त्या आठवड्याचे पैसेही. नंतर कळलं, पावडर कमी पडलीच नव्हती. चूक दुसरीकडेच होती.

शेवाळ का येतं? ऊन, गरम पाणी आणि पानं-मातीतून मिळणारं खाद्य, एवढं त्याला पुरतं. क्लोरीन ते मारतं. पण क्लोरीनला दोन गोष्टी चालत नाहीत. एक म्हणजे कडक ऊन. उन्हात साधं क्लोरीन काही तासांत उडून जातं. दुसरी म्हणजे वाढलेला पीएच.

पीएच म्हणजे पाणी आंबटाकडे झुकतंय की खारटाकडे, म्हणजे सोड्याकडे, त्याचं माप. ७ म्हणजे मधोमध. तलावाला ७.२ ते ७.६ हवा. पीएच ७.५ असेल तर क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोमानं काम करतो. ८ झाला की जेमतेम पाव भाग. आमच्या तलावाचा ८.२ होता. म्हणजे आम्ही पैसे पाण्यात टाकत होतो, अगदी खरोखर!

म्हणून पहिलं काम तपासणीचं. थेंबांची पेटी दुकानात मिळते. एका नळीत पिवळा रंग येतो, तो क्लोरीनचा. दुसरीत लाल, तो पीएचचा. पेटीवरच्या रंगाशी ताडून बघायचं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवं. पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम. नाकावर मात्र विसंबू नका. झोंबणारा वास आला, मुलांचे डोळे चुरचुरले, की आपण म्हणतो क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. घाम-लघवीशी मिसळून वापरलं गेलेलं क्लोरीन तसा वास मारतं, आणि ताजं कमी पडलेलं असतं.

आता हिशोब करू. तलाव २० फूट लांब, १० फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल धरा. गुणाकार ८०० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे जवळजवळ २२,६५० लिटर पाणी. ६५ टक्के ताकदीच्या हायपो पावडरीनं १ पीपीएम वाढवायला सुमारे ३५ ग्रॅम लागतात. पाणी हिरवं झालं तर १० पीपीएमपर्यंत न्यायचं, म्हणजे ३५० ग्रॅम. आपला तलाव मोजा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

हिरव्या पाण्याचा क्रम असा. जाळीनं पानं काढा. पीएच जास्त असेल तर आधी तो उतरवा. बादलीभर पाण्यात थोडं अ‍ॅसिड घाला. अ‍ॅसिडवर पाणी कधीही नाही. एवढ्या तलावाला एका वेळी २०० मिलीलिटरच्या वर नको. पंप चालू ठेवून चार तासांनी पुन्हा तपासा. मग भिंती, पायऱ्या, कोपरे ब्रशनं घासा, कारण चिकटलेल्या शेवाळाच्या आत क्लोरीन पोचत नाही. सूर्य मावळल्यावर पावडर पाण्यात कालवून सगळीकडे सोडा. पंप रात्रभर चालवा. सकाळी पाणी राखाडी-गढूळ दिसेल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. फिल्टर ते ओढून घेईल. फिल्टरचा काटा नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करा. क्लोरीन ३ च्या खाली येईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

पहिल्या पावसानंतरही तपासा. पावसाच्या पाण्यानं क्षारता उतरते आणि पीएच डळमळतो. क्षारता ८० ते १२० पीपीएम हवी. वाढवायला आपला खाण्याचा सोडा चालतो. या तलावात ३८० ग्रॅमनं साधारण १० पीपीएम वाढते. आणि टीसीसीएच्या गोळ्या रोज वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यातलं सायन्युरिक अ‍ॅसिड उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, पण ते पाण्यात साठत जातं. फार साठलं की क्लोरीन मंदावतं. मग थोडं पाणी बदलणं हाच उपाय.

आता जिवाची गोष्ट, नीट ऐका. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र कधीच नाही. मगही वेगळे, ठेवायची जागाही वेगळी. हायपो आणि टीसीसीए एकमेकांत मिसळू नका, आग लागू शकते. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याकडे पाठ करा. मालक हे साहित्य देत नसतील तर काम घेण्याआधीच मागा. ते आपल्या मजुरीतून कापायचं नसतं.

आम्ही आता रोज सकाळ-संध्याकाळ वहीत चार गोष्टी लिहितो: तारीख, पीएच, क्लोरीन, काय टाकलं. गेल्या उन्हाळ्यात मालक म्हणाले, पाणी गढूळ झालं, तुमचंच दुर्लक्ष. आम्ही वही पुढे केली. तीन दिवस पंप बंद होता, तेही त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी पंप दुरुस्त केला आणि आमचे पैसे पूर्ण दिले. त्या दवाखान्यात गेलेल्या ताई आहेत ना, ती वही आज त्याच लिहितात.

तुमच्या गावात असं काम आलं तर नाही म्हणू नका. पेटी घ्या, वही घ्या आणि मग हो म्हणा.