किनारा नजरेत असताना
दूरच्या सागरी सफरींसाठी बांधलेल्या शिडाच्या नौकेवर एखादे नवे उपकरण बसवले, की लांबचा पल्ला गाठण्यापूर्वी एक दिवस ती बंदराजवळच्या पाण्यात फिरवून आणण्याची नाविकांची रीत आहे. वरकरणी ही सहल दिसत असली तरी तिचा हेतू परीक्षेचा असतो; कारण धक्क्याला बांधलेल्या नौकेवर सुरळीत चालणारे यंत्र, नौका एका कुशीवर कलून लाटांवर आपटू लागल्यावर आणि खाऱ्या पाण्याचे फवारे अंगावर आल्यावरही तसेच चालेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. या परीक्षेचे स्वरूप समजून घेण्यासाठी ‘विंड व्हेन’, म्हणजे वाऱ्याच्या आधारे नौका आपोआप वळवणारे स्वयंसुकाणू, हे उत्तम उदाहरण आहे.

एकट्याने प्रवास करणाऱ्या नाविकाला चोवीस तास सुकाणूदांडा धरून बसणे शक्य नसते, या अडचणीतून हे उपकरण जन्मले. १९६० मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क अशी अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तेव्हा ती चाळीस दिवसांत जिंकणारे फ्रान्सिस चिचेस्टर आणि दुसरे आलेले ब्लाँडी हॅस्लर या दोघांच्याही नौकांवर वाऱ्यावर चालणारी स्वयंसुकाणू होती. पुढे हॅस्लर यांनी विकसित केलेली लंबकाच्या तत्त्वावरील रचना विशेष रुजली. तिच्यात नौकेच्या मागच्या टोकावर एक हलके उभे पाते असते आणि त्याची कड वाऱ्याच्या दिशेला लावलेली असते. नौका मार्गावरून ढळली, की वारा पात्याच्या सपाट अंगावर आदळून त्याला आडवे करतो. त्या हालचालीने पाण्यात सोडलेले एक वल्हे किंचित फिरते, वाहत्या पाण्याचा दाब त्या वल्ह्याला जोराने बाजूला ढकलतो आणि वल्ह्याला जोडलेले दोर सुकाणूदांडा ओढून नौकेला पुन्हा मार्गावर आणतात. वाऱ्याने केवळ खूण करायची आणि श्रमाचे काम पाण्याने करायचे, अशी ही विभागणी असल्यामुळे उपकरणाला विजेची गरज पडत नाही.

चाचणीच्या दिवशी सर्वांत आधी स्वयंसुकाणू न जोडता नौका हाताने चालवून पाहावी लागते. सुकाणूदांडा सारखा एकाच बाजूला ओढत असेल, तर दोष शिडांच्या मांडणीत असतो आणि तो दूर न करता उपकरण जोडले, तर त्याचे खापर उपकरणावर फुटते. याच कारणाने एका दिवशी एकच नवी गोष्ट तपासणे शहाणपणाचे मानले जाते. त्यानंतर वारा तिरका समोरून, मग बाजूने आणि शेवटी पाठीमागून घेत प्रत्येक दिशेला काही काळ नौका उपकरणाच्या हवाली केली जाते आणि ती मार्गाच्या दोन्ही बाजूंना किती अंश भरकटते, हे होकायंत्रावर पाहून नोंदवले जाते.

यांपैकी पाठीमागून येणारा मंद वारा ही सर्वांत अवघड कसोटी होय. धावत्या नौकेला जाणवणारा वारा हा खऱ्या वाऱ्याहून वेगळा असतो; ताशी आठ सागरी मैलांचा वारा पाठीशी घेऊन नौका ताशी पाच मैलांनी जात असेल, तर पात्याला जेमतेम तीन मैलांचाच वारा लागतो आणि तेवढ्यावर ते नीट हलेलच असे नाही. शिवाय हे उपकरण वाऱ्याशी असलेला कोन सांभाळते, होकायंत्राची दिशा नव्हे. त्यामुळे वारा फिरला, की नौकाही मुकाट्याने त्याच्यामागे फिरते. म्हणूनच किनाऱ्याजवळ उपकरण क्षणार्धात सोडवून सुकाणू हाती घेता येते का, याची तालीम त्याच दिवशी करतात. परतल्यावर सैल झालेले बोल्ट, घासलेले दोर आणि नव्या छिद्रांतून आत झिरपलेले पाणी तपासले, म्हणजे परीक्षा पूर्ण होते.

हा क्रम चुकवण्याची किंमत १९६८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या स्पर्धेत दिसली. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या नव्या नौकेला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून टिनमथला नेण्यास तीन दिवस लागतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात सुमारे दोन आठवडे लागले. प्रवासाने दोष दाखवून दिले, पण ते निवारण्यास अवधी उरला नाही. ३१ ऑक्टोबर या अखेरच्या मुदतीच्या दिवशी ते अपुऱ्या तयारीनिशी निघाले, पुढे आपल्या ठिकाणाविषयी खोटी माहिती कळवत राहिले आणि जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. त्याच स्पर्धेत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहैली’चे स्वयंसुकाणूही ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झाले होते. मात्र मुंबईत सागवानात बांधलेली ही बत्तीस फुटी नौका घेऊन ते आधीच मुंबईहून इंग्लंडला गेलेले असल्यामुळे तिचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. शिडांचा तोल साधून त्यांनी ती पुढे नेली आणि ३१२ दिवसांनी स्पर्धा पूर्ण करणारे ते एकमेव नाविक ठरले.

यंत्र कधीतरी मोडणारच, हे गृहीत धरले, तर चाचणीच्या दिवसाचे मोल यंत्रापुरते उरत नाही; त्या दिवशी नाविक आपली नौका ओळखायला शिकतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला, त्याआधी ते सहकाऱ्यांसह मॉरिशसला गेले आणि तेथून एकटे परतले होते. त्या मोठ्या अंतराच्या चाचणीचे तत्त्वही बंदराबाहेरच्या एका दिवसाच्या फेरीचेच होते: मागे वळता येते तोवर चुका करून घ्यायच्या.