वळिवड्याची पोलिश शाळा

कोल्हापूरकडची माणसं दिवाळीच्या खरेदीला गांधीनगरच्या कापडपेठेत जातात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी ही पेठ उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्याआधी इथल्याच बराकींत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहून गेली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. वळिवड्याची ही छावणी १९४३ ते १९४८ चालली. ती नीट पाहिली तर वाटतं, ही शाळाच होती, तिच्याभोवती एक गाव वसवलं होतं.

१९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. पुढच्या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर हजारो जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. काही अनाथ मुलं खुष्कीच्या मार्गानं हिंदुस्थानात आली. त्यांना नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आपल्या संस्थानातल्या बालाचडीला ठेवून घेतलं. इराणातून मोठा लोंढा आला तो पंचगंगेकाठी, वळिवड्याला.

मुलं आली ती हाडांचे सापळे होऊन. बरोबर मलेरिया होता. इराणातल्या अनाथाश्रमांपासूनच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पोटभर जेवलेलं मूलही पावाचा तुकडा उशीखाली लपवून झोपायचं. उद्याही जेवण मिळणार, हे त्याला समजावून सांगून पटत नाही. घंटा रोज त्याच वेळेला वाजली आणि ताट रोज त्याच जागी आलं, तर हळूहळू पटतं. बालाचडीच्या मुलांनी पुढे पालकाच्या भाजीविरुद्ध संप केला आणि जामसाहेबांनी ती भाजी बंद करायला लावली, असं सांगतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जेवणाला नाक मुरडण्याइतकी ती मुलं निर्धास्त झाली होती.

वळिवड्यात बालवाडी होती, प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक आणि धंदेशिक्षणाचीही सोय होती. शिकवणारे बहुतेक छावणीतलेच. शिक्षण पोलिश भाषेत, इतिहास-भूगोल पोलंडचा. शाळा सुटली की स्काउटची पथकं, नाटकं, लोकनृत्यं. स्काउटचं काम उभं करायला झ्जिस्वाव पेश्कोव्स्की आले. कोझेल्स्कच्या ज्या रशियन कैदछावणीतले पोलिश अधिकारी कातिनच्या जंगलात मारले गेले, तिथून वाचलेल्या मोजक्यांपैकी ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले. मुलांना गाठी मारायला आणि तंबू ठोकायला शिकवण्याच्या कामावर असा माणूस होता.

आपल्याकडे या कथेचं सगळं श्रेय संस्थानिकांच्या औदार्याला देण्याची रीत आहे. बालाचडीपुरतं ते बरंचसं खरं. वळिवड्याची जागा करवीर संस्थानातली होती, शेजारधर्मही इथल्या लोकांनी पाळला. पण छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारच्या खात्यावर पडत होता. शाळा नेटानं चालली याचं मोठं कारण हे, की मुलांच्या पाठीशी त्यांचं स्वतःचं सरकार होतं.

ते सरकारच १९४५ मध्ये कागदावरून उतरलं. ब्रिटन-अमेरिकेनं त्याची मान्यता काढून घेतली. बहुतेकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली होती, त्यामुळे भूगोलाच्या तासाला घोकलेलं ल्वूफ शहरही पोलंडमध्ये उरलं नाही. परतायला घर नव्हतं. काही जण पोलंडला गेले; बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. शाळेनं ज्या देशासाठी तयारी करून घेतली तो देश हाती लागला नाही. तरी मला ते शिक्षण वाया गेलेलं वाटत नाही. अभ्यासाची सवय आणि स्वतःची भाषा घेऊन निघालेलं मूल नव्या देशात शून्यापासून सुरुवात करत नाही.

कोणता अभ्यासक्रम शिकवायचा, हा पेच आजही तसाच आहे. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांत म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुलांना स्थानिक अभ्यासक्रम शिकवायला सरकारची परवानगी नव्हती. वर्षानुवर्षं कामचलाऊ वर्ग चालले. म्यानमारचा अभ्यासक्रम २०२१ च्या अखेरीस प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. वयात आलेल्या मुलींना घरचे वर्गात पाठवत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे वर्ग काढावे लागले. या मुलांच्या पाठीशी मात्र कोणतंच सरकार नाही. वर्ग देणगीदार देशांच्या पैशावर चालतात. २०२५ मध्ये तो पैसा आटला आणि यूनिसेफला हजारो वर्ग थांबवावे लागले. कात्री आधी लागली ती बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांना.