परवान्यानंतरची उमेदवारी

बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयातील प्रवेश निश्चित होतो आणि घरात गाडीचा विषय निघतो. पाडव्याच्या मुहूर्तावर नवी दुचाकी दारात येते, तिला हार घातला जातो आणि किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पडते. व्यापारी घरात तर ही किल्ली पुष्कळदा त्याआधीच फिरू लागलेली असते. गुजरीतून एखादे पाकीट पोहोचवायचे असते, गांधीनगरहून कापडाचे तागे आणायचे असतात, बँकेत भरणा करायचा असतो. दुकानात माणूस कमी असतो आणि मुलाला ‘गाडी येत’ असते.

गाडी येणे आणि रस्ता कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद व्यापारी कुटुंबांना समजावून सांगण्याची गरज नाही, कारण पेढीवर तो रोज पाळला जातो. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला म्हणून त्याच दिवशी धनादेशावर सहीचा अधिकार त्याला मिळत नाही. आधी तो माल ओळखायला शिकतो, मग गिऱ्हाईक, मग वसुली. खातेवही आणि सही सर्वांत शेवटी. ही उमेदवारी वाहनाच्या बाबतीत मात्र विसरली जाते.

या विसराची किंमत मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे दगावली. मृतांपैकी 66.5 टक्के 18 ते 45 या वयोगटातील होती; म्हणजे घराचा आणि धंद्याचा भार उचलणारी किंवा उद्या उचलू पाहणारी. हेल्मेट नसलेले 50,029 दुचाकीस्वार आणि त्यांचे सहप्रवासी त्याच वर्षी मृत्युमुखी पडले.

कायदा पालकाला विचारतो

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका आलिशान मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. जामीन देताना बाल न्याय मंडळाने 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा देशभर संताप उसळला. त्या संतापात एक मूळ प्रश्न मागे पडला: अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन जातेच कसे?

मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने हाच प्रश्न पालकांसमोर ठेवला आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. आपल्याला माहिती नव्हती, अथवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि 25 हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी मिळणारी सवलत केवळ 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती आहे. दुकानासमोर उभ्या असलेल्या नेहमीच्या स्कूटर तीत बसत नाहीत. मालवाहू टेम्पोसारख्या व्यावसायिक वाहनासाठी तर किमान वय 20 आहे. शिवाय चालकाकडे वैध परवाना नसेल, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते. एका फेरीचा वाचलेला वेळ आणि हा धोका यांचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याने स्वतःच मांडावा.

टप्प्याटप्प्याने किल्ली

आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याची परवाना पद्धत सुरू केली. तेथे मधल्या टप्प्यातील चालकाला रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत एकट्याने वाहन चालवता येत नाही, अनुभवी चालक सोबत असल्याशिवाय मित्रांना बसवता येत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये तरुण उमेदवाराने जाणत्या चालकासोबत 120 तास वाहन चालवल्याची नोंदवही ठेवायची असते. रात्र, वेग आणि सोबतच्या मित्रांचा आग्रह ही नवख्याची तीन मोठी संकटे आहेत, हे त्या नियमांनी ओळखले.

असा कायदा येथे नसला, तरी घराचा नियम असू शकतो. पहिले काही आठवडे सकाळच्या विरळ रहदारीत रंकाळ्याभोवती; नंतर दिवसा लक्ष्मीपुरी, शाहूपुरीच्या गर्दीत; पुढे पावसात आणि रात्री. शिरोली ते कागल हा महामार्ग त्यानंतर, गगनबावड्याचा घाट सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर वडील, काका किंवा मोठा भाऊ सोबत असावा. गाळप हंगामात काळोखात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते, तेव्हा काय करायचे हे कोणतीही संगणकीय चाचणी शिकवत नाही. शेजारी बसलेला जाणता माणूस शिकवतो.

या उमेदवारीत दुकानाचेही कर्तव्य आहे. ‘कुठे पोहोचलास, लवकर ये’ असा फोन मुलगा रस्त्यात असताना जाऊ नये. ताशी 60 किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहणे म्हणजे 33 मीटर डोळे मिटून धावणे. वडीलच हेल्मेट हँडलला अडकवून निघत असतील, तर मुलाला केलेला उपदेश निष्फळ ठरतो.

जैन आचारात ईर्यासमिती सांगितली आहे: पुढची चार हात भूमी पाहून, कोणत्याही जीवाला इजा न होईल असे चालावे. ती मुनींसाठी असली, तरी तिच्यातील सावधानता प्रत्येक चालकाच्या कामाची आहे. पहाटे महामार्गाच्या कडेने मुनिसंघाचा विहार सुरू असतो, बाहुबलीकडे यात्रेकरू पायी निघतात. त्यांची सुरक्षितता मागून येणाऱ्या चालकाच्या दक्षतेवर अवलंबून असते, आणि तो चालक आपल्याच घरातील तरुण असू शकतो.

येत्या पाडव्याला गाडी घेणाऱ्या घरांनी पूजेच्या ताटात किल्लीसोबत दोन हेल्मेट आणि एक कोरी वहीही ठेवावी. 120 तासांची नोंद त्या वहीत पूर्ण होईपर्यंत किल्ली घरातल्या मोठ्यांकडे राहू द्यावी.