लिंबू, चुना आणि रक्त

पुढच्या वेळी रक्तदान शिबिरात गेलात, तर सुई टोचण्याआधी ती पिशवी जरा निरखून बघा. ती रिकामी नसते. 350 मिलिलिटर रक्ताच्या पिशवीत 49 मिलिलिटर पाण्यासारखं द्रावण आधीच भरलेलं असतं. ते नसतं, तर दहाएक मिनिटांत आत रक्ताची गुठळी झाली असती आणि तुमचं दान कुणाच्याच कामाचं उरलं नसतं. ते असल्यामुळे तेच रक्त थंड कपाटात 35 दिवस टिकतं. गुठळी न होऊ देण्याची करामत सायट्रेटची. आणि सायट्रेट म्हणजे कोण? लिंबाला आंबट करणारं जे सायट्रिक आम्ल, त्याचाच क्षार!

आता ही लिंबं बघायला पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे या. तोरण्याच्या पायथ्याला किंवा भाटघरच्या पाण्याकाठी एखाद्या घराच्या परसात कागदी लिंबू दिसेल, कुठे ईडलिंबू, कुठे पपनस. सह्याद्रीच्या रानात काटेरी माकडलिंबूही असतं. यातलं कुठलंही पान तोडून उजेडासमोर धरा. सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या इवल्या पिशव्या. पान चुरगळल्यावर जो वास सुटतो तो त्यांचा. तसेच ठिपके कढीपत्त्याच्या पानात असतात, बेलाच्याही असतात, कारण ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. त्यातलं महाळुंग तर फार जुनं, लिंबांचा मूळ पुरुषच म्हणा. 2018 साली लिंबूवर्गीय झाडांच्या जनुकांची मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आपलं कागदी लिंबू हे महाळुंग आणि आग्नेय आशियातल्या एका रानटी लिंबाचा संकर ठरतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच महाळुंग. देवीच्या हातात आंबा नाही, केळं नाही, लिंबांचा आजोबा आहे!

या फळांतलं आम्ल पहिल्यांदा वेगळं कुणी काढलं? स्वीडनमधल्या कार्ल शेले या औषध बनवणाऱ्या माणसानं, 1784 साली. त्याची युक्ती बघा. लिंबाच्या रसात त्यानं खडूची पूड टाकली. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुन्याचा सख्खा भाऊ. रसातल्या आम्लानं कॅल्शियम पकडलं आणि त्या दोघांचा पांढरा साका खाली बसला. मग गंधकाम्ल टाकून त्यानं कॅल्शियम सोडवून घेतलं आणि शुद्ध आम्लाचे स्फटिक मिळवले. लिंबाचं आम्ल कॅल्शियमवर झडप घालतं, एवढंच शेलेला दिसलं. याच झडपेवर पुढे लाखो जीव वाचतील, हे त्याला कुठून कळणार?

कारण रक्त गोठायलाही कॅल्शियमच लागतं. बोट कापलं की रक्तातली डझनभर प्रथिनं एकामागून एक जागी होतात. एकानं दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि शेवटी तंतूंचं जाळं विणून जखम बुजवायची. पण या साखळीतल्या कित्येक पायऱ्यांवर कॅल्शियम हजर नसेल तर काम तिथेच अडतं. मोरीस आर्त्यूस आणि पाजेस या दोघांनी 1890 साली फ्रान्समध्ये हे दाखवून दिलं. मग रक्तातलं कॅल्शियम कुणी अडकवून ठेवलं तर? पहिल्या पावसात ओढ्याकाठी खेकडे धरणाऱ्याला नांगी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सायट्रेटचा रेणू कॅल्शियमला तसाच कवेत धरतो. कॅल्शियम रक्तातच असतं, पण कामाला मोकळं नसतं.

सायट्रेट वापरात येण्यापूर्वी एकाचं रक्त दुसऱ्याला कसं देत असतील? दात्याची धमनी थेट रुग्णाच्या शिरेला जोडून! दोघं शेजारी शेजारी झोपलेले, मध्ये शल्यचिकित्सकाची शिवण. मार्च 1914 मध्ये ब्रसेल्सच्या आल्बेर ह्युस्टिन यांनी सायट्रेट घातलेलं रक्त रुग्णाला दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्युनॉस आयर्सच्या लुईस अगोटे यांनीही तेच केलं. पण किती घालायचं? जास्त झालं तर रुग्णाच्या शरीरातलंच कॅल्शियम अडकून हृदय बंद पडायचं. न्यूयॉर्कच्या रिचर्ड लेविसन यांनी 1915 मध्ये उत्तर दिलं: 0.2 टक्के पुरे. एवढ्यात रक्त पातळ राहतं आणि माणूसही वाचतो. त्या दिवसापासून दाता आणि रुग्ण यांना एका खोलीत असण्याची गरज उरली नाही. शतकभरातल्या शोधांत मी याला फार वरचा क्रमांक देईन.

(जाता जाता: आज सायट्रिक आम्ल लिंबातून जवळजवळ काढतच नाहीत. कांद्याच्या सालीवर जी काळी बुरशी चढते, तिला साखरेच्या पाकात वाढवून ते मिळवतात. 1919 पासून हा उद्योग चालू आहे.)

लिंबाच्या अंगी आणखी काय गुण आहेत हे तपासायला त्याच्या अर्कावर प्रयोग करतात; ते कसे, ते आता पाहू. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचं एक गडद जांभळं रसायन असतं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, जोडीदाराच्या शोधात. असे एकाकी इलेक्ट्रॉन शरीरातही तयार होतात आणि दिसेल त्या रेणूचे लचके तोडतात. जांभळ्या द्रावणात लिंबाचा अर्क टाका: क जीवनसत्त्व आणि सालीतली हेस्पेरिडिनसारखी द्रव्यं आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि जांभळा रंग डोळ्यांदेखत पिवळा होत जातो. चिरलेलं वांगं लिंबाच्या पाण्यात टाकलं की काळं पडत नाही, त्यातही क जीवनसत्त्वाचं हेच दातृत्व असतं.

गोठण्याची चाचणी आणखी मजेची. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. तिच्यात सायट्रेट आधीच असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. साखळी थांबली. मग रक्तद्रवात गोठण सुरू करणारं द्रव्य आणि कॅल्शियम घालून घड्याळ लावतात. निरोगी माणसाचं रक्त साधारण 11 ते 13 सेकंदांत जाळं विणून मोकळं! त्यात फळाचा अर्क मिसळला आणि वेळ लांबली, तर अर्क गोठणं रोखतो असं म्हणतात. पण थांबा. लिंबाच्या लिटरभर रसात पंचेचाळीसेक ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. ते कॅल्शियम धरणार, शिवाय आंबटपणानं प्रथिनंही बिघडणार. वेळ लांबली ती अर्कातल्या एखाद्या गुणी द्रव्यानं, की निव्वळ लिंबूपणानं? आंबटपणा मारून, तेवढंच साधं सायट्रेट घातलेल्या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय हे कळत नाही. 'लिंबू रक्त पातळ करतं' असा संदेश फोनवर आला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

मग रोज सरबत पिणाऱ्याचं रक्त पातळ का होत नाही? कारण सायट्रेट शरीराला परकं नाहीच. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी अन्नातून ऊर्जा काढताना ते क्षणोक्षणी स्वतः बनवते आणि लगेच मोडते. हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये उलगडलेल्या त्या चक्राचं नावच सायट्रिक आम्ल चक्र. बाहेरून आलेलं सायट्रेट यकृत त्याच चक्रात ढकलतं. बिंबाणू म्हणजे प्लेटलेट दान करणाऱ्यांना मात्र त्याची चुणूक मिळते. यंत्रातून परत येणाऱ्या रक्ताबरोबर थोडं सायट्रेट अंगात शिरतं, ओठांना मुंग्या येतात. परिचारिका कॅल्शियमची गोळी देते, मुंग्या गेल्या!

उलट, लिंबातलं क जीवनसत्त्व अजिबात न मिळाल्यानं रक्त वाहतं; तो रोग म्हणजे स्कर्व्ही. 1747 मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरांनी जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत सावरली. त्या रोगात हिरड्यांतून रक्त येतं, पण दोष गोठण्यात नसतो. क जीवनसत्त्वावाचून रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारं कोलॅजेन नीट विणलं जात नाही, आणि भिंतीच पाझरू लागतात.

लिंबूवर्गाचा आणि रक्ताचा खरा सावध राहण्याजोगा संबंध भलतीकडेच सापडला. 1989 साली कॅनडात दारू आणि रक्तदाबाच्या एका गोळीचा एकत्र परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात गोळीचं प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. रसातली काही द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं विकरच निकामी करतात. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून हृदयरोग्यांना देतात त्या टिकॅग्रेलॉरचं प्रमाणही या रसानं वाढतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं मिळत नाही. पण ते ज्याच्यापासून झालं त्या पपनसातही तीच द्रव्यं आहेत. तेव्हा भोरमध्ये असा किंवा पुण्यात, हृदयाची गोळी सुरू होताना डॉक्टरांना एवढं सांगून टाका, की आमच्या परसात पपनस आहे आणि ते आम्ही खातो.